नावं ठेवणारा प्रोग्राम

आपल्याकडे 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत एका अनुस्वाराचा फरक आहे. बारशाला ठेवतात ते नाव, आणि बारशाहून परतताना रिक्षात ठेवतात ती नावं. अँटीव्हायरस ही दोन्ही कामं एकाच वेळी करतो. एखादी फाइल खटकली की तो लाल चौकटीत तिचं नाव जाहीर करतो. त्यात कुठं 'ट्रोजन' असतं, कुठं 'जेन', कुठं 'ह्यूर', कधी शेवटी नुसतं 'एमएल'. वाचणाऱ्याला वाटतं, चांगला मुरलेला गुन्हेगार सापडलेला दिसतोय, रीतसर नावगाव आहे त्याला. प्रत्यक्षात या नावांत एक कबुली असते. 'जेन' म्हणजे जेनेरिक. नेमका कोण ते ठाऊक नाही, पण त्या कुळातला वाटतो. 'ह्यूर' म्हणजे ह्युरिस्टिक, आडाख्यानं धरलाय. 'एमएल' म्हणजे मशीन लर्निंग. एका मॉडेलला तसं वाटलं, आणि का वाटलं ते मॉडेल बनवणाऱ्यालाही चटकन सांगता येणार नाही. चौकटीत मात्र यातलं काही लिहिलेलं नसतं. तिथं एवढंच असतं: धोका सापडला, धोका दूर केला.

मागच्या वर्षी जूनमध्ये ही चौकट माझ्या मामाच्या दूध संकलन केंद्रात उगवली. तिच्यातला 'धोका' मी लिहिलेला होता.

मामाचं केंद्र वाळवा तालुक्यातल्या एका गावात आहे. साठेक घरांचं दूध येतं, सकाळी आणि संध्याकाळी. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली एकेक पॉइंट घसरला की दरही घसरतो. पूर्वी ॲनालायझरवर आलेले आकडे मामा वहीत लिहायचा, दरपत्रकावर बोट फिरवून दर शोधायचा, आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार काढायच्या आदल्या रात्री मामी कॅल्क्युलेटर घेऊन दोन वाजेपर्यंत बेरजा करत बसायची. मी पुण्यात एका कंपनीत दिवसभर बँकांसाठी कोड लिहिते. दोन-चार शनिवार-रविवार घालून मी मामासाठी एक प्रोग्राम लिहिला. ॲनालायझरच्या केबलवरून फॅट आणि एसएनएफ वाचायचं, दर लावायचा, छोट्या थर्मल प्रिंटरवर पावती छापायची, रात्री सगळ्यांना एसएमएस पाठवायचा. गो भाषेत लिहिला, कारण गोमध्ये सगळं मिळून एकच एक्झी फाइल तयार होते. पेनड्राइव्हवरून टाकली की चालली. मामाच्या कॉम्प्युटरवर आधी हे इन्स्टॉल करा, मग ते, अशी भानगड नाही.

चार महिने सुरळीत चालला. मग एका संध्याकाळी मामाचा फोन. "अगं, तुझ्या पोग्राममदी व्हायरस हाय म्हणतंय ह्ये. समदं लाल आलंय." मी म्हटलं, काही दाबू नकोस. तो म्हणाला, "दाबू कशावर? पोग्रामच गायब झालाय."

फाइल विलगीकरणात गेली होती. कोविडमुळं हा शब्द सगळ्यांना पाठ आहे, पण इथं तपासणीचा रिपोर्ट यायची वाट कुणी बघत नाही. आकडे वेगळ्या फाइलीत होते, ते शाबूत होते. पगार परवावर आला होता.

आणि केंद्रात तेव्हा रांग होती. गावात काही झालं तरी दूध केंद्राच्या रांगेइतक्या वेगानं बातमी कुठूनच पसरत नाही. त्यातून हा धंदाच असा, की घालणाऱ्याला कायम शंका असते: काटा मारला, फॅट मारली. मामावर लोकांचा विश्वास आहे, पण तो पिढ्यानपिढ्या रोज तपासून घेतलेला विश्वास आहे. रांगेतले एक तात्या स्क्रीनकडं बघून म्हणाले, "यंत्रच म्हणतंय पोग्राम खोटा हाय. मग आजवर फॅट खरी लागली कशावरनं?"

या प्रश्नाला मामाकडं उत्तर नव्हतं. मी फोनवर 'फॉल्स पॉझिटिव्ह' वगैरे म्हणाले, ते अर्थातच त्यानं तात्यांना सांगितलं नाही. मला अजूनही वाटतं की तात्यांचा प्रश्न तर्काला धरून होता. दोन यंत्रं आहेत, एक दुसऱ्याला लबाड म्हणतंय. गावानं कुणाचं ऐकायचं? एका मोठ्या कंपनीचं, की मामाच्या भाचीचं?

आता माझा प्रोग्राम बाहेरून कसा दिसत होता ते बघा. त्याच्यावर कुणाची डिजिटल सही नाही. ही फाइल अख्ख्या जगात दोनच कॉम्प्युटरवर आहे, माझ्या आणि मामाच्या. गावात लाइट जाते-येते, म्हणून विंडोज सुरू झालं की तो कुणी न सांगता आपोआप सुरू होतो. मामी काळी खिडकी दिसली की बंद करायची, म्हणून ती खिडकी मी लपवली आहे. फाइल लहान व्हावी म्हणून आतली डीबगिंगची माहिती काढून टाकली आहे. तो सतत एका पोर्टवर कान लावून बसतो. आणि रात्री नऊ वाजता गुपचूप इंटरनेटवर जाऊन साठ नंबर कुठंतरी पाठवतो. एवढं वर्णन ऐकून मीही त्याला धरून नेलं असतं.

शिवाय गोची स्वतःची अडचण आहे. गोच्या प्रत्येक एक्झीत त्या भाषेचा सगळा रनटाइम भरलेला असतो, त्यामुळं नुसतं 'नमस्कार' छापणारा प्रोग्रामही एक-दोन एमबीचा होतो आणि माझा प्रोग्राम व एखाद्या चोराचा प्रोग्राम यांतला बराचसा भाग अक्षरशः सारखा असतो. चोरांनाही गो आवडते. कारणं तीच, एकच फाइल आणि कुठंही चालते. आता अँटीव्हायरसवाल्यानं चोराच्या फाइलीतून ओळखीची खूण म्हणून जो तुकडा उचलला, तो या सामाईक भागातला निघाला, की सगळं गोत्र आत. गोच्या अधिकृत संकेतस्थळावर नेहमीच्या प्रश्नांच्या यादीत हा प्रश्न चक्क आहे: माझ्या प्रोग्रामला अँटीव्हायरस व्हायरस का म्हणतो? तिथल्या उत्तराचा मथितार्थ असा, की विंडोजवर हे नेहमीचंच आहे, जवळजवळ प्रत्येक वेळी इशारा खोटा असतो, आणि गोच्या फाइलींची ठेवण अँटीव्हायरसच्या फारशी सवयीची नसते.

तुमच्यापैकी कुणी कॉलेजचं प्रोजेक्ट पायथनमध्ये करून पायइन्स्टॉलरनं त्याची एक्झी बनवून मित्राला पाठवली असेल, तर पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पायइन्स्टॉलर प्रत्येक प्रोग्रामच्या तोंडाशी तोच एक छोटा बूटलोडर लावतो. एकच फाइल बनवायला सांगितली, तर तो चालताना आतलं सामान टेम्प फोल्डरमध्ये उलगडतो आणि मग सुरू करतो. मालवेअरही असंच करतं. यूपीएक्सनं फाइल दाबून लहान केली तरी तेच. दाबलेलं गाठोडं बघितलं की संशय.

माझ्या एका मित्रानं हे सगळं ऐकून पारध्यांची आठवण काढली. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टनं अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, आणि १९५२ साली तो कायदा गेल्यावरही पालांवर पोलीस यायचे थांबले नाहीत. त्याला काय म्हणायचं होतं ते कळलं, पण ही तुलना मला पेलवत नाही. माझा प्रोग्राम मी पुन्हा कंपाइल करू शकते.

अँटीव्हायरस लिहिणाऱ्यांवर माझा राग नाही, किंवा फार थोडा आहे. त्यांचं काम मुळातच पुरं होण्यासारखं नाही. फ्रेड कोहेन या संशोधकानं १९८४ साली हे मांडलं आणि त्यासाठी गणिताचा फार डोंगर लागत नाही. समजा, कुठलाही व्हायरस बिनचूक ओळखणारा एक प्रोग्राम आहे. मी असा दुसरा प्रोग्राम लिहिते, जो आधी त्यालाच विचारतो, 'बाबा रे, मी व्हायरस आहे का?' तो 'हो' म्हणाला तर माझा प्रोग्राम काहीच करत नाही. 'नाही' म्हणाला तर लगेच पसरायला लागतो. म्हणजे कुठलंही उत्तर दिलं तरी चूक. तेव्हा अंदाजाशिवाय गत्यंतर नाही, आणि अंदाज म्हटला की दोन्हीकडं चुकणार.

त्यात आकड्यांची गंमत आहे. उदाहरणादाखल धरून चला, दहा लाख फाइली आहेत, त्यांत खऱ्या वाईट फक्त १००. तुमचा अँटीव्हायरस इतका हुशार, की शंभरच्या शंभर पकडतो आणि चांगल्या फाइलींच्या बाबतीत हजारात एकदाच चुकतो. ऐकायला झकास. पण दहा लाखांचा हजारावा भाग म्हणजे हजार. एकूण ११०० लाल चौकटी, त्यांतल्या हजार निरपराधांच्या. कंपनी हा मार पदरात घेते, कारण एक खरा व्हायरस सुटला तर बोभाटा होतो, आणि एका भाचीचा प्रोग्राम अडकला तर कुणालाच कळत नाही.

त्या रात्री मी फाइल व्हायरसटोटलवर चढवली. तिथं सत्तरेक इंजिनं एकाच वेळी फाइल तपासतात. नऊ जणांनी नावं ठेवली. एकाच्या मते हा पासवर्ड चोरणारा, दुसऱ्याच्या मते क्रिप्टो मायनर, तिसऱ्याच्या मते आणखी काही डाउनलोड करून आणणारा. माझ्या प्रोग्रामला दुधाशिवाय कशातलं काही कळत नव्हतं. पण नऊ हा आकडा मोठा वाटतो. मामाला तो सांगायची माझी हिंमत झाली नाही. नऊ जण स्वतंत्रपणे म्हणत असतील तर काहीतरी असणारच, असंच कुणालाही वाटेल. मात्र स्वतंत्रपणे म्हणतात का, हाच प्रश्न आहे. २०१० च्या सुमारास कॅस्परस्की कंपनीनं एक प्रयोग केला होता. त्यांनी वीस निरुपद्रवी फाइली बनवल्या, त्यांतल्या दहांना आपल्या अँटीव्हायरसमध्ये मुद्दाम खोटं वाईट ठरवलं, आणि सगळ्या व्हायरसटोटलवर टाकल्या. दहा दिवसांनी त्याच दहा फाइलींना आणखी चौदापर्यंत कंपन्या वाईट म्हणत होत्या. आपल्या गावकीतही साधारण हीच पद्धत आहे.

तरी एक गोष्ट राहत होती. माझा प्रोग्राम खरोखरच बाधित असला तर? मी काही वाईट लिहिलेलं नाही हे मला माहीत आहे. पण मी लिहिलं तेच त्या एक्झीत उतरलं, हे कशावरून? शंका उगाच नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये इंडक नावाचा व्हायरस उघडकीला आला. तो डेल्फीमध्ये काम करणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर जाऊन त्यांच्या कंपायलरसोबत येणारी एक लायब्ररी बदलून ठेवायचा. त्यानंतर त्या माणसानं जो जो प्रोग्राम बनवला, त्यात व्हायरस आपोआप. सोर्स कोड कितीही वेळा वाचला तरी त्यात काही सापडणार नाही, कारण तो तिथं नव्हताच. ज्यांना अँटीव्हायरसनं हटकलं त्या डेल्फीवाल्यांनी 'फॉल्स पॉझिटिव्ह' म्हणून हात झटकले असते, तर ते चुकीचे ठरले असते. केन थॉम्प्सननं १९८३ च्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हीच धास्ती घातली होती: जो कोड तुम्ही स्वतः पूर्णपणे लिहिलेला नाही, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. आणि कंपायलर कोण स्वतः लिहितं?

म्हणून भावाच्या लिनक्स लॅपटॉपवर गोची तीच आवृत्ती नव्यानं उतरवली आणि त्याच सोर्सवरून विंडोजची एक्झी पुन्हा बनवली. गोची एक चांगली गोष्ट आहे. फाइलींचे रस्ते आत उमटू दिले नाहीत, तर तोच कोड आणि तीच आवृत्ती यांतून कुठल्याही मशीनवर बाइट न् बाइट तीच फाइल निघते. दोन्हींचे एसएचए-२५६ काढले. चौसष्ट अक्षरं, एकाखाली एक. सगळी जुळली. वेगळं मशीन, वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम, तीच फाइल. इतका भक्कम पुरावा माझ्या नोकरीतही मला क्वचित मिळतो, आणि तो दाखवायला माझ्याकडं एकही माणूस नव्हता.

कारण पुरावा मागत कुणी नाही, ओळख मागतात. ओळख हवी तर कोड सायनिंग सर्टिफिकेट घ्या. त्याला वर्षाला हजारो रुपये, कागदपत्रांची पडताळणी, आणि २०२३ च्या जूनपासून सहीची किल्ली हार्डवेअरच्या टोकनमध्ये ठेवायचं बंधन. इतकं करूनही नव्या सहीला पत लागायला वेळ जातोच. मामाकडून मी एक रुपया घेतलेला नाही. त्या प्रोग्रामसाठी हा खर्च कुणी करायचा? मोठ्यांचं निराळं. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट ही फाइलच व्हायरस ठरवली. जगभर कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले, अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढं ढकलाव्या लागल्या. त्याच दिवशी दुरुस्ती आली आणि माफीही. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये सोफोसच्या अँटीव्हायरसनं तर स्वतःच्याच अपडेटरला पकडलं. (हे वाचून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.) आमच्यासाठी एक फॉर्म असतो. फाइल जोडा, नाव-ईमेल लिहा, वाट बघा.

मामाला कॉम्प्युटर विकणाऱ्या तालुक्याच्या दुकानदाराकडं याहून सोपा उपाय होता. "अँटीव्हायरस बंद करून टाका, न्हाईतर त्यो फोल्डर वगळा. समदे तसंच करत्यात." समदे तसंच करतात हे खरं आहे. हिशोबाची सॉफ्टवेअरं, शाळांची, पतसंस्थांची. इन्स्टॉल करायला आलेला पोरगा पहिलं काम हेच करतो. खोट्या लाल चौकटींचा खरा तोटा मला इथं दिसतो. आजवर ज्या ज्या चौकटीला मामानं विचारलं 'हे काय?', तेव्हा तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलंय, 'काही नाही, सोडा.' खरी येईल तेव्हाही तो सोडणारच. त्याच कॉम्प्युटरवरून मामा नेटबँकिंग करतो, साठ घरांचे पैसे तिथूनच जातात.

आणि फोल्डर वगळायचा सल्ला फक्त तालुक्याचे दुकानदार देतात असंही नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये सोलरविंड्सचं प्रकरण उघडं पडलं. घुसखोरांनी कंपनीच्या बिल्ड यंत्रणेत शिरून ओरायन या प्रॉडक्टच्या अपडेटमध्ये मागचं दार बसवलं होतं, आणि सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत ते पोचलं. फाइलीवर कंपनीची खरी, अस्सल डिजिटल सही होती. कंपनीच्याच मदतीच्या पानावर ओरायनचे फोल्डर अँटीव्हायरसच्या तपासणीतून वगळायचा सल्ला होता. नावाजलेली कंपनी, सही, ओळख, सगळं जिथल्या तिथं. माझ्या दुधाच्या प्रोग्रामला अडवणाऱ्या प्रत्येक कसोटीवर ती फाइल उत्तीर्ण झाली असती.

मी मामाला सांगितलं, बंद करायचा नाही. फॉर्म भरला आणि शुक्रवारी रात्रीच्या एसटीनं गावाला गेले. तो पगार दोन दिवसांनी पुढं गेला. मामानं जुनी वही काढली. ॲनालायझरचे आकडे तो पुन्हा हातानं लिहायला लागला. मी, मामी आणि तात्या असे तिघं बसून मागच्या दहा दिवसांच्या छापील पावत्या दरपत्रकाशी ताडून बघायला लागलो. तात्यांना बसवायची कल्पना मामीची. त्यांनी स्वतःच्या घरच्या वीस पावत्या पिशवीतून आणल्या होत्या, सुतळीनं बांधून. एकेक दर बोटानं शोधायचे, मोठ्यानं म्हणायचे, मग पुढची. सगळं जुळलं. ते त्यावर काही बोलले नाहीत. चहा घेतला आणि म्हणाले, "पर मग ते लाल का झालं?" मी ह्युरिस्टिकबद्दल सांगायचा प्रयत्न केला. मामी म्हणाली, "अनोळखी माणूस आला की कुत्रं भुंकतं, तसं." तात्यांना ते पटलं. मला पूर्ण पटलेलं नाही, कारण सोलरविंड्सच्या वेळी कुत्रं शेपूट हलवत होतं, पण मी गप्प बसले.

तीन दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. फाइल निर्दोष आढळली, पुढच्या अपडेटपासून पकडली जाणार नाही. का पकडली होती, ते नाही. ऑगस्टमध्ये डेअरीनं दरपत्रक बदललं, मी नवे दर घालून नवी एक्झी दिली, आणि ती दुसऱ्याच दिवशी वेगळ्या नावानं आत गेली. साहजिक आहे, एक आकडा बदलला तरी फाइलीचा ठसा पूर्ण बदलतो आणि ती पुन्हा जगाला अनोळखी होते. मग दर एक्झीतून काढून साध्या सीएसव्ही फाइलीत ठेवले. आता दरपत्रक बदललं की मामी ते एक्सेलमध्ये भरते, एक्झीला हात लागत नाही. पुन्हा फॉर्म, पुन्हा तेच उत्तर. तेव्हापासून तीच एक्झी चालू आहे.

पावतीवर 'म्हैस' हा शब्द मात्र नीट उमटत नाही. जोडाक्षर फुटतं, अर्धा म एकीकडं आणि है दुसरीकडं. ती दुरुस्ती मी दिवाळीतच केलीय, लॅपटॉपवर तयार पडून आहे. मामाला विचारलं, पाठवू का? तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे गं. म्हशीला काय फरक पडतोय?"